कार्डावरचा पत्ता

"नाव सांगा मावशी," रेवती म्हणाली.

पुलाखाली बाई आमच्याकडे पाठ करून गोधडी गुंडाळत होती. मी फॉर्मवर तारीख टाकत होतो, वर बघितलं नाही. तीन दिवसांत तशी सवयच झाली होती. रेवतीने विचारायचं, मी लिहायचं. माणसांकडे बघण्याचं काम तिचं होतं, मी कागदाकडे बघायचो.

"यमुना किसन तायडे."

माझं पेन थांबलं.

ही बाई सात वर्षं माझ्या घरात राहिली होती. मागच्या खोलीत, भाड्याने. सहा महिन्यांपूर्वी मीच तिला बाहेर काढलं होतं.

ती वळली. तिने रेवतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुन्हा रेवतीकडे बघायला लागली, जणू मी कोणी अनोळखी कारकून आहे.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा नगरपालिकेच्या पाणी खात्यात मीटर रीडर होतो. माझी बायको विमल वारली त्याच्या पुढच्या जानेवारीत शहरातल्या बेघर लोकांची मोजणी निघाली. माणसं कमी पडत होती, म्हणून आम्हाला पाठवलं. चोवीस वर्षं लोकांच्या दारात जाऊन आकडे उतरवले होते. ज्यांना दारच नाही त्यांच्याकडे जायची ही पहिली वेळ. मोजणी पहाटे साडेपाच ते आठ. आठनंतर यातलं फारसं कोणी जागेवर सापडत नाही, कारण बहुतेक सगळे कामावर जातात. मला हेच आधी माहीत नव्हतं. मला वाटायचं, हे लोक दिवसभर तिथेच पडून असतात.

पहिल्याच दिवशी एका वेगळ्या उड्डाणपुलाखाली भगत नावाचा माणूस भेटला होता. अंगात वॉचमनचा इस्त्री केलेला शर्ट, शेजारी पत्र्याची पेटी. रेवतीने काम विचारलं तर म्हणाला, "चाळीस फ्लॅटची बिल्डिंग सांभाळतो ताई. चाळीस घरांच्या किल्ल्या माझ्याजवळ. माझंच तेवढं घर सापडून नाही राहिलं. तुम्हाला मोजता मोजता दिसलं तर सांगा." त्याच्या ओळखपत्राच्या कार्डावर गावचा पत्ता होता, त्यामुळे तो बेघर म्हणून मोजला गेला.

हा नियम आमचे गुल्हाने साहेब रोज सकाळी वाचून दाखवायचे. ज्याच्या कार्डावर या शहरातला पत्ता आहे, तो बेघर नाही. त्याचा फॉर्म खोडायचा. नियम मला पटला होता. पत्ता म्हणजे पत्ता. भिसे नावाचा एक हमाल होता, बायको आणि दोन पोरींसकट. त्याच्या कार्डावर रेल्वेमागच्या झोपडपट्टीचा पत्ता होता. "साहेब, तिथं आता रस्ता झाला," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, "कार्डावर तर पत्ता आहे." आणि खोडला. तीन दिवसांत असे नऊ फॉर्म मी खोडले. रेवती माझ्यावर चिडून होती. ती एका संस्थेतून आलेली, सव्वीस वर्षांची पोरगी, पायात बूट, गळ्यात मफलर. मला काका म्हणायची, पण भिसेचा फॉर्म खोडल्यापासून तेही बंद झालं होतं.

"वय किती मावशी?"

"लिहा पन्नास-बावन."

"काम?"

"दोन खानावळीत पोळ्या लाटते. आधी शाळेत खिचडी शिजवायची. ते सुटलं."

"का सुटलं?"

"पावसाळ्यात ताप भरला. पंधरा दिवस गेली नाई. मग त्यांनी दुसरी बाई लावली." तिने गोधडीची दोरी ओढून गाठ मारली. "ओल्यात निजल्यावर ताप येतेच."

मी लिहीत होतो. अक्षर माझंच मला वाकडं दिसत होतं. ती वाळली होती. हाताच्या शिरा वर आल्या होत्या. अंगावरची हिरवी शाल विमलची होती. विमलनेच तिला दिलेली, शेवटच्या हिवाळ्यात.

"इथे कधीपासून?"

"आषाढापासून."

"आणि त्याआधी?"

मला वाटलं, आता बोट येईल माझ्याकडे. कानामागे घाम आला, जानेवारीच्या थंडीत.

"भाड्यानं होती एका जागी," यमुनाबाई म्हणाली.

"ती जागा का सोडावी लागली? मी कारणं वाचते, तुमचं कोणतं ते सांगा." रेवतीने माझ्या हातातल्या फॉर्मवर वाकून वाचायला सुरुवात केली. "एक, काम सुटलं. दोन, भाडं थकलं. तीन, घरात भांडण, मारहाण. चार, आजारपण. पाच, घरातल्या माणसाचा मृत्यू. सहा, घर पाडलं. सात, घरमालकाने काढलं. आठ, इतर."

माझं पेन सातवर टेकलं होतं. मी वाट बघत होतो.

"ते लिहा," ती म्हणाली. "घरातलं मानूस गेलं, ते."

"पाच. कोण, मावशी? यजमान?"

"नवरा? तो मले सोडून दुसरीसंगं गेला, वीस वर्सं झाले. तो कायले मरते? मस्त हाय. मागच्या साली बसस्टँडवर दिसला, तर केस काळे करून."

रेवतीला हसू आलं. "मग कोण गेलं?"

"होती एक."

मी पाचवर खूण केली.

"झालं बघा मावशी," रेवती म्हणाली. "आता ही चिठ्ठी मिळेल. ती घेऊन आजच जुन्या जकात नाक्याच्या इमारतीत जायचं. बायकांचा निवारा तिथे सुरू झाला आहे. वीस खाटा आहेत, कपाट आहे, कुलूप लावता येतं. चार खाटा उरल्यात. चिठ्ठीशिवाय घेत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. आणि इथे परत येऊ नका, आठ वाजता जाळी ठोकायला माणसं येणार आहेत."

जाळीचं सामान आलेलंच होतं. पुलाच्या पलीकडच्या खांबापाशी लोखंडी अँगल आणि तारेची भेंडोळी पडली होती. पुलाखालची जागा बंद करायची होती. लोक भराभर सामान बांधत होते. साडेसात वाजून गेले होते.

"आतून कुलूप लागते का?" यमुनाबाईने विचारलं.

"दाराला? हो. बाई असते राखणीला."

"मंग बरं हाय. इथं एक डोळा उघडा ठेवून निजा लागते." ती हे माझ्याकडे न बघता बोलली, पण मला लागायचं ते लागलं.

मी चिठ्ठी फाडणार, तेवढ्यात गुल्हाने साहेब आले. मोटारसायकल उभी करून, हातमोजे काढत. रोज शेवटी येऊन फॉर्म तपासून सही करायचे. सहीशिवाय चिठ्ठीला किंमत नव्हती.

"कार्ड बघितलं?" त्यांनी विचारलं.

मी बघितलं नव्हतं. सगळ्यांचं बघत होतो, हिचं नाही. कारण त्यावर काय लिहिलंय ते मला पाठ होतं. विमल तिला घेऊन चार तास रांगेत उभी राहिली होती त्या कार्डासाठी. "भाडेकरू असली म्हणून काय झालं, माणसाला पत्ता पाहिजे," असं म्हणाली होती.

"कार्ड दाखवा बाई."

यमुनाबाईने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. साहेबांनी ते हात लांब करून वाचलं.

"प्लॉट नंबर सतरा, शिक्षक कॉलनी. अहो, हिला पत्ता आहे. आणि तोही पक्क्या कॉलनीतला. खोडा हे."

"सर, पत्ता कार्डावर आहे," रेवती म्हणाली. "बाई इथे आहे. तुमच्यासमोर."

"मॅडम, असं धरलं तर निम्मं शहर येऊन बसेल इथे खाटेसाठी. वरून विचारणा झाली की उत्तर मला द्यावं लागतं, तुमच्या संस्थेला नाही."

"खाटेसाठी कोणी सहा महिने पुलाखाली झोपतं का सर?"

"ते मला नका विचारू. हे खोडके सांगतील. तीन दिवसांत एकदाही वाद न घालता काम केलंय त्यांनी." साहेब माझ्याकडे वळले. "शिक्षक कॉलनी तुमच्याच भागात येते ना? सतरा नंबरला घर आहे की मोकळा प्लॉट?"

"घर आहे," मी म्हटलं.

"मीटर चालू?"

"चालू आहे."

"झालं तर मग. खोडा."

मी पेन फॉर्मवर ठेवलं. चोवीस वर्षं साहेब लोकांनी सांगितलं ते लिहिलं होतं. एक तिरकी रेघ ओढायची होती, बस. रेवती माझ्याकडे बघत होती. पलीकडे कोणीतरी हातोड्याने अँगल सरळ करायला लागलं होतं.

यमुनाबाई खाली वाकली. गोधडीची गुंडाळी काखेत घेतली, पातेलं पिशवीत घातलं.

"खोडा भाऊ," ती म्हणाली. पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. "कायले थांबले? खोडून टाका. मी पाहीन कुठं तरी."

ती मला सोडवत होती. हे कळायला मला एक क्षण लागला. तिची खाट जाणार होती, पुलाखालची जागाही जाणार होती, आणि ती मला चार माणसांत उघडं पडण्यापासून वाचवत होती.

"साहेब," मी म्हटलं, "ते घर माझं आहे."

"कोणतं?"

"सतरा नंबर."

हातोडा थांबला असं वाटलं. थांबला नसणार.

"म्हणजे तुम्ही हिला ओळखता?"

"सात वर्षं राहिली आमच्याकडे."

"आणि मघापासून बोलत नाही? भाडं थकवलं होतं?"

"कधीच नाही."

"मग काही चोरीबिरी?"

"नाही हो साहेब. मी काढलं."

"अहो पण का?"

हेच मला सहा महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं. मी यमुनाबाईला तेव्हा सांगितलं होतं की लोक बोलतात. घरात बाई राहिली नाही, आता आपण दोघांनीच एका घरात राहणं बरं दिसत नाही. विमलचा तेरावा होऊन दोन दिवस झाले होते. तिने संध्याकाळपर्यंत सामान बांधलं आणि खोली झाडून, किल्ली ओट्यावर ठेवून गेली. लोक काही बोलत नव्हते. कॉलनीत एका माणसानेही चकार शब्द काढला नव्हता.

खरं वेगळं होतं, आणि ते तिला आणि मला दोघांनाच माहीत होतं.

विमल आठ महिने आजारी होती. तिचं सगळं यमुनाबाईने केलं, शाळेतून आल्यावर, रात्री, सुटीच्या दिवशी. शेवटच्या दिवशी सकाळपासून विमलचा श्वास लागला होता. डॉक्टर बघून गेले आणि जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी बाहेर आलो. अंगणातला नळ गळत होता. मी पाना आणला आणि नळ खोलून बसलो.

थोड्या वेळाने यमुनाबाई बाहेर आली. "भाऊ, वैनी बोलावते." मी म्हटलं, "आलो, एवढं वायसर बसवतो." ती आत गेली. मी वायसर काढलं, पुसलं, परत तेच घातलं. परत काढलं. आत जायची मला भीती वाटत होती. एवढंच कारण होतं. माझ्या बायकोला मरताना बघायचं धाडस माझ्यात नव्हतं. यमुनाबाई परत आली. "भाऊ, वैनी तुमचं नाव घेऊन राहिली." मी म्हटलं, "आलो आलो." अंगणातून त्या खाटेपर्यंत पंधरा पावलं असतील. मी गेलो नाही. दीड तास त्या नळापाशी बसलो.

तिसऱ्यांदा आली ती बोलवायला नाही. माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि वाहतं पाणी बंद करायला तिने मुख्य कॉक फिरवला. तेव्हा मला कळलं.

तिने हे कधी कोणाला सांगितलं नाही. पाहुण्यांना म्हणाली, "भाऊ जवळच होते." पण रोज सकाळी ती चहाचा कप माझ्यासमोर ठेवायची आणि मला तिच्या तोंडाकडे बघता यायचं नाही. ज्या माणसाला आपलं ते माहीत आहे, तो माणूस घरात नको झाला. म्हणून काढलं.

"का काढलं खोडके?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"मला तिच्यासमोर उभं राहवत नव्हतं," मी म्हटलं. "चूक माझी होती. तिची नाही."

रेवतीने नजर खाली केली. गुल्हाने साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी घड्याळात बघितलं, एक हातमोजा घातला, परत काढला.

"मग सोपं आहे की. घर तुमचं, चूक तुमची. घेऊन जा हिला परत. इकडे एक खाट वाचेल, तिकडे हिची सोय होईल. फॉर्मचा प्रश्नच मिटला."

मी यमुनाबाईकडे बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं.

"चला यमुनाबाई," मी म्हटलं. "खोली तशीच आहे. कोणाला दिली नाही."

तिने पिशवी खाली ठेवली.

"नाई भाऊ."

"राग असेल तर..."

"राग नाई. पाऊस पडे तेव्हा होता, आता नाई." ती सावकाश बोलत होती, हिशोबाने. "तुम्ही आज बोलवता, ते खरं हाय. पन उद्या पुन्हा माझं तोंड पाहवलं नाई तं? मंग मी गोधडी घेऊन कुठं जाऊ? इथं तं जाळी लागून जाईन. तिथं निदान चिठ्ठी राहील माझ्या नावाची. कोनाच्या मर्जीवर नाई." मग म्हणाली, "माझ्यासाठी काही करायचं असन, तं लिहून द्या या साहेबाले. मी तिथं राहत नाई म्हनून."

साहेब म्हणाले, "तसं चालेल. घरमालकाने लेखी दिलं की ही व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही, तर मी सही करतो. माझ्यावर येणार नाही."

मी फॉर्म उलटा केला. क्लिपबोर्ड पुलाच्या खांबाला टेकवून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. मी, वामन गणपत खोडके, प्लॉट नंबर सतरा, शिक्षक कॉलनी, लिहून देतो की श्रीमती यमुना किसन तायडे या माझ्या घरात राहत नाहीत. मी त्यांना आषाढ महिन्यात घराबाहेर काढले. त्यांच्याकडे राहण्यास दुसरी जागा नाही. खाली सही केली. आयुष्यात बऱ्याच सह्या केल्या, पण एका माणसाला मदत व्हावी म्हणून त्याला आपल्या घरात जागा नाही असं लिहून द्यायची ही एकच.

साहेबांनी वाचलं. "मग कारण पाच कसं? सात करा. घरमालकाने काढलं."

मी पेन उचललं.

"नका करू," यमुनाबाई म्हणाली. "पाचच राहू द्या."

"अहो बाई, यांनी स्वतः लिहून दिलंय."

"ते असतील मालक. पन वैनी असती तं यांनी मले काढलं असतं का? विचारा." तिने माझ्याकडे बोट केलं. अख्ख्या सकाळीत पहिल्यांदा. "घरातलं मानूस गेलं म्हनून झालं हे. मी खरं तेच सांगितलं."

साहेबांनी पाचवरची खूण तशीच ठेवून सही केली. मी चिठ्ठी फाडून तिच्या हातात दिली. तिने ती कार्डाबरोबर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि कमरेला खोचली.

"काका," रेवती हळूच म्हणाली, "तो भिसे शाळेच्या भिंतीपाशी असतो अजून. नऊ वाजेपर्यंत."

मी पिशवीतून खोडलेले नऊ फॉर्म काढले. साहेबांनी ते बघितले आणि हातमोजे घालायला लागले. "खोडके, तुम्ही मला सुटीच्या दिवशी घरी बसू देणार नाही," म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सात जणांना शोधून काढलं. दोघं सापडले नाहीत. भिसे सापडला.

यमुनाबाई निघाली. गोधडी काखेत, पिशवी हातात. चार पावलं गेली आणि थांबली.

"भाऊ, तो नळ गळते का अजून?"

"गळतो," मी म्हटलं.

"मंग करून घ्या तो. वैनीले पानी वाया गेलेलं आवडे नाई."

आणि ती रस्ता ओलांडून गेली. पुढे त्याच निवाऱ्यात ती स्वयंपाकाला लागली, अजून आहे. वर्षातून एकदा, विमलच्या तिथीला, घरी येते, चहा घेते आणि दिवस मावळायच्या आत परत जाते.

त्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा अकरा वाजले होते. चप्पल न काढता अंगणात गेलो, पाना घेतला, मुख्य कॉक बंद केला आणि नळ खोलला. खिशात नवीन वायसर होतं, येताना घेतलेलं. जुनं काढलं, नवीन घातलं, आवळलं. कॉक उघडून बघितला. थेंब पडला नाही.

चार मिनिटांचं काम होतं.